पाच कापलेल्या, एक शाबूत

१

पेट्या उघडायला साडेनऊला सुरुवात झाली आणि पावणेदहाच्या आत डोंगरावरच्या आमच्या एल आल्तो शहरातल्या त्या नव्याकोऱ्या डेटा सेंटरमध्ये कुणी कुणाशी धड बोलेना.

माल आदल्या संध्याकाळी आला होता. समुद्रावरच्या अरिका बंदरातून निघालेला एक कंटेनर, त्यात माणसापेक्षा उंच अशा सहा लाकडी पेट्या, प्रत्येक पेटीत एकेक लोखंडी कपाट आणि कपाटात खालपासून वरपर्यंत संगणकांची चळत. एका कपाटाच्या किमतीत आमच्या गल्लीतली सगळी घरं आली असती, वर सुटे पैसे परत मिळाले असते. म्हणून प्रत्येक कपाट चंदेरी, हवाबंद पिशवीत घातलेलं होतं, पिशवीभोवती स्पंजचे ठोकळे आणि ठोकळ्यांभोवती पेटी.

पहिल्या पेटीची पुढची फळी काढली. चंदेरी पिशवीवर, वरच्या अंगाला, वीतभर लांबीचा सरळ काप होता. त्यावर रुंद चिकटपट्टी मारलेली.

दुसरीवर तसाच काप. तिसरीवर, चौथीवर, पाचवीवर तसाच.

सहाव्या पेटीची फळी काढताना सेंटरच्या व्यवस्थापक आर्दुसबाईंनी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर पिशवी पुढून आरशासारखी. एक ओरखडा नाही.

"निदान एक तरी वाचलं!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी सहावी पेटी पुन्हा बंद करून वेगळ्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली. मग ट्रकवाल्याच्या किल्ल्या काढून घेतल्या. मग पोलिसांना फोन केला. पोलीस म्हणाले, पाचपर्यंत येतो. आमच्याकडे पोलिसांनी वेळ दिली म्हणजे प्रकरण गंभीर समजायचं.

मी या मालाचे सीमेवरचे कागद केले होते, त्यामुळे संशयितांच्या यादीत माझंही नाव होतं. तिसरं. पहिलं नाव ट्रकवाला उस्ताद सातुर्निनो पोमा याचं. दुसरं रिकामं सोडलं होतं, बहुधा कुणी मोठा माणूस सापडला तर असावं म्हणून.

२

विमा कंपनीने अकरा वाजता एल्विरा युहरा यांना पाठवलं.

एल्विराबाई नुकसानीच्या तपासनीस. साठीच्या, ठेंगण्या, घेरदार झग्यावर झगे नेसलेल्या, दोन वेण्या पाठीवर आणि डोक्यावर तपकिरी गोल टोपी. ही टोपी त्या घरात काढत नाहीत, कचेरीत काढत नाहीत, आणि एकदा बुडालेल्या होडीची पाहणी करताना टिटिकाका सरोवरातही काढली नव्हती. तीस वर्षांत त्यांनी कुणाचं कौतुक केल्याचं मला तरी ठाऊक नाही. धंदाच नुकसानीचा.

"काका, तुम्ही पण यादीत का?" मला पाहून त्या म्हणाल्या. "वा. म्हातारपणी नाव काढलंत."

"तिसरा आहे."

"होईल बढती."

त्यांनी कंटेनरच्या दाराचं सील पाहिलं. क्रमांक माझ्या कागदावरच्या क्रमांकाशी जुळला, सील अभंग. दाराच्या आत एक नोंदपेटी बसवलेली असते, उजेडाचा एक किरण आत पडला तरी ती वेळ टिपते. त्या नोंदपेटीच्या म्हणण्याप्रमाणे अरिकाला दार लागल्यापासून इथे उघडेपर्यंत आत मिट्ट काळोख होता.

"म्हणजे एक तर चोर चालत्या ट्रकमध्ये, भिंतीतून आत शिरून, अंधारात पाच पेट्यांचे स्क्रू काढून, कापून, चिकटवून, स्क्रू परत लावून गेला," एल्विराबाई म्हणाल्या, "नाहीतर जे झालं ते दार लागायच्या आधी झालं. तुमचं काय मत?"

"ट्रकवाला आधीही तिथेच होता," आर्दुसबाई म्हणाल्या. "आणि काहीतरी चोरलंय."

"वीतभर कापातून काय निघतं? हात जाईल. ताटाएवढी एकेक वस्तू आत स्क्रूने बसवलेली. ती बाहेर कशी काढणार?"

"मग काढलं नसेल, घातलं असेल! आमच्या गिऱ्हाइकांची माहिती आहे ही, बाई. बँका आहेत. कुणी आत काही बसवलं असेल तर ही पाचही कपाटं मला भंगारात द्यावी लागतील. आणि तो पोमा तुरुंगात जाईल. सीमेवरून माल न्यायचा त्याचा परवाना तर आजच रद्द करायला सांगितलाय मी."

"आजच? दुपारी जेवण तरी करू द्या त्याला," एल्विराबाई म्हणाल्या आणि पेट्यांकडे वळल्या.

पहिल्या पेटीपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग दुसरीपुढे. पाचव्या पेटीपर्यंत पोचल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"काका, चष्मा लावा. चिकटपट्टी पाहा. काय दिसतं?"

"घाईत मारलीय. खालची कड चिकटलेलीच नाही."

"पहिल्या पेटीवर जा. तिथे?"

तिथेही खालची कड सुटलेली होती. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पेटीवरही खालचीच. तीन कडा नखाने दाबून दाबून बसवलेल्या आणि चौथी मोकळी.

"माणूस गबाळा असतो तेव्हा पाच वेळा पाच तऱ्हांनी गबाळेपणा करतो," एल्विराबाई म्हणाल्या. "हा पाच वेळा एकसारखा गबाळा आहे. मला हा माणूस आवडायला लागलाय."

मी त्यांच्या टोपीकडे पाहिलं. ती जागेवर होती, पण मला काळजी वाटली.

३

उस्ताद पोमा फाटकाजवळ आपल्याच ट्रकच्या पायरीवर बसला होता. पन्नाशीचा, रुंद छातीचा, गालात कोकाच्या पानांचा गोळा, उंचीवर दम लागू नये म्हणून इथे चघळतात तो. पायरीवर बसायची परवानगी होती, आत बसायची नव्हती. शेजारी त्याची बायको हुस्ता एका गाठोड्यात गुंडाळलेलं सुपाचं पातेलं घेऊन बसली होती आणि ज्या पहारेकऱ्यांना तिच्या नवऱ्यावर नजर ठेवायला नेमलं होतं, त्यांनाच वाढत होती.

"तू कापलंस?" एल्विराबाईंनी विचारलं.

"नाही, बाई."

"कुणी कापलं माहीत आहे?"

"नाही, बाई."

"अरिकाला पेट्या भरल्या तेव्हा कुठे होतास?"

"ट्रकखाली. हवेच्या नळीतून फुस्स आवाज येत होता. एवढा नाजूक माल, चाकांवर हवेच्या उशा आहेत माझ्या, त्यातली एक बसली की सगळं हादरतं. दोन तास खाली होतो. वळणं मी वीसच्या वर घेतली नाहीत, बाई. मागचे सगळे हॉर्न मारून मारून शिव्या घालून गेले. एक तर म्हणाला, आजोबांची प्रेतयात्रा आहे काय?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं हो, तुझ्याच. ये मागून."

हुस्ताने त्याला कोपराने ढोसलं. "सरकारी माणसांपुढे नीट बोला!"

"मी सरकारी नाही, विम्याची आहे," एल्विराबाई म्हणाल्या. "माझ्यापुढे कसंही बोललं तरी पैसे कापूनच मिळतात."

पोमा हसला नाही. "बाई, ट्रकचे हप्ते, पोरांचं शिक्षण, त्याचं मी काही बोलत नाही. पण सव्वीस वर्षं हा घाट चढतोय. दहीवाल्यांचा माल एकदा वर फुटला तेव्हा मला उतावळा ठरवलं. ठीक आहे. आज चोर ठरवतायत. चोर म्हणून मला घाटात कुणी हात करणार नाही. मग मी ट्रक घेऊन करू काय, बटाटे आणू?"

बटाटे आणण्याबद्दल त्याच्या मनात नेमकं काय होतं हे विचारायचा धीर झाला नाही. हुस्ताने पळी पातेल्यात ठेवली आणि ती पुन्हा उचलायची विसरली.

४

यादीतली रिकामी जागा भरायला दुपारी इंजिनियर फाबिओ रिबेरा आले. माल पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस. अरिकाला मालावर लक्ष ठेवायला यांनाच नेमलेलं होतं. विमानाने नुकतेच सांताक्रूसहून आले होते. सांताक्रूस म्हणजे सखल, गरम, आंबे पिकणारा मुलूख. तिकडच्या माणसाला आमच्या चार हजार मीटरच्या उंचीवर पहिला दिवस फार विनम्र करून सोडतो. ओठ निळसर, हातात कोकाच्या पानांचा चहा, आणि शर्टाच्या छातीवर एक मोठा पांढरा डाग.

"हे काय, साहेब?" मी विचारलं.

"उन्हात लावायचं क्रीम. नवी बाटली. टोपण उघडलं तर अंगावर धावून आलं. तुमच्याकडे क्रीमसुद्धा भांडखोर आहे."

"डोंगरातलं नाही ते, साहेब, तुमच्याच गावाहून आलंय," एल्विराबाई म्हणाल्या. "बसा. श्वास घ्या. घाई नाही, हवा थोडी आहे पण आहे. आता सांगा, अरिकाला काय झालं?"

"कस्टमने सगळ्या पिशव्या उघडून तपासणी केली. मग आम्ही कपाटं नव्या पिशव्यांत घातली, कडा गरम इस्त्रीने जोडल्या. कंपनीचं पुस्तक आहे. पान बत्तीस. पिशवी पूर्ण बंद हवी, टाचणीएवढंही भोक चालणार नाही. समुद्राची दमट हवा आत गेली तर गंज धरतो. मी प्रत्येक कड स्वतः तपासली."

"पुस्तक कुठल्या गावी लिहिलं?"

"काय?"

"पुस्तकावर पत्ता असेल ना. डोंगरातलं गाव की समुद्रावरचं?"

"समुद्रावरचं. मोठं बंदर आहे. त्याचा काय संबंध?"

"सहज. म्हातारीला भूगोल आवडतो. पिशव्या बंद झाल्या, मग?"

"मग जेवणाची सुट्टी. एक तास. त्यानंतर पेट्यांच्या फळ्या लागल्या, माल कंटेनरमध्ये, दाराला सील."

"त्या एका तासात पेट्या उघड्याच?"

"पण मी हललो नाही!" रिबेरांनी चहा खाली ठेवला. "हमाल जेवायला गेले, मी गेलो नाही. सहाव्या पेटीच्या तोंडाशी खुर्ची टाकली, पिशवीला पाठ लावली आणि तासभर तिथे बसून होतो. फोनवर होतो, पण जागचा उठलो नाही. म्हणून तर ती वाचली!"

"आणि बाकीच्या पाच?"

"त्या माझ्या मागे, ओळीत."

"सांताक्रूसमध्ये इंजिनियरांना मागेही डोळे असतात का?"

रिबेरांनी मान वळवून आपल्याच मागे पाहिलं. "तेवढ्यात कोण आलं होतं गोदामात?" एल्विराबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही. म्हणजे... कोणी संशयास्पद नाही. जेवणवाली एक बाई आली होती, रिकामी ताटं गोळा करायला."

५

चार वाजता एल्विराबाई मला घेऊन पुन्हा ट्रकपाशी गेल्या. पोमाला पहारेकऱ्यांनी आत नेलं होतं, कागदावर सही करायला. हुस्ता एकटी होती.

"तुझ्या ट्रकमध्ये चढू?"

"चढा ना, मावशी. मागे पाहून, पातेली आहेत."

केबिनमध्ये झोपायच्या फळीखाली अरिकाहून घरी न्यायचा बाजार होता: साबण, खोबरेल तेल, मुलांचे बूट आणि दूध पावडरची एक मोठी चंदेरी पिशवी. एल्विराबाईंनी ती मांडीवर घेतली. पिशवी चापून चोपून बसलेली होती, नुसता गड्डा. वरच्या कोपऱ्याला बोटभर काप. कापावर चिकटपट्टी. तीन कडा नखाने दाबलेल्या, खालची मोकळी.

त्या खाली उतरल्या आणि हुस्ताच्या शेजारी पायरीवर बसल्या. झगे आवरले.

"दुधाची पिशवी न कापता आणली तर काय होतं, पोरी?"

"फुगते." हुस्ताने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग डोळे पातेल्याकडे वळवले. "खाली समुद्रावर भरलेली हवा असते आत. वर खिंडीत आलं की ती हवा जागा मागते. उशीसारखी होते पिशवी, मग ढोलासारखी, मग फाट. एकदा सगळी केबिन पांढरी झाली होती. हे म्हणाले, लग्नातसुद्धा एवढी पावडर पाहिली नाही."

"आणि कापलं तर दमट हवा आत नाही जात?"

"कशी जाईल? चढताना हवा बाहेरच येत असते. आतून दाब आला की पट्टीची मोकळी कड उचलली जाते. उतरताना हवा आत यायला बघते तर तीच कड आपोआप बसते. बाहेर जायची मुभा, आत यायची नाही." मग हळू आवाजात, "आमच्या गावाकडे सगळ्या बायका करतात. त्यात विशेष काय आहे?"

"काही नाही," एल्विराबाई म्हणाल्या. "पाच कपाटं वाचलीत, एवढंच."

हुस्ताचे डोळे भरून आले. "मी सकाळीच सांगणार होते. पण आतली माणसं म्हणत होती, आत काहीतरी घातलंय, बँका, पोलीस. मी कापलं म्हटलं तर म्हणतील नवऱ्याने सांगितलं. यांना माहीतसुद्धा नाही, मावशी. दहीवाल्यांच्या वेळी हे महिनाभर धड जेवले नव्हते. या वेळी गोदामात ताटं गोळा करताना मी त्या फुगवून बंद केलेल्या पिशव्या पाहिल्या आणि म्हटलं, पुन्हा नको."

"मग सहावी का सोडलीस?"

"तिला टेकून साहेब बसले होते ना."

एल्विराबाई एकदम उठल्या. वयाच्या मानाने फारच एकदम.

"काका! आर्दुसबाईंच्या गळ्यातली ती किल्ली!"

६

एल्विराबाईंनी सहाव्या पेटीभोवती पाच माणसं उभी केली: आर्दुसबाई, रिबेरा, पोमा, हुस्ता आणि मी. पोलिसांना यायला वीस मिनिटं होती.

"ही एकच चांगली आहे," आर्दुसबाई म्हणाल्या. "हिला हात लावू देणार नाही."

"पुढून चांगली आहे," एल्विराबाई म्हणाल्या. "मागची फळी काढा."

"मागे कशाला?"

"माझ्या समाधानाला. आणि तुमच्या."

फळी निघाली. पिशवीची मागची शिवण खालपासून वरपर्यंत उसवली होती, एखाद्या जाड्या माणसाच्या कोटासारखी. स्पंजचे ठोकळे जागा सोडून तळाशी जाऊन पडले होते. रिबेरांनी कपाटाला बोटाने हलकंसं ढकललं, तर एवढं अवजड कपाट पेटीतल्या पेटीत डुललं. आतल्या संगणकांचे चार-पाच पत्रे अर्धवट बाहेर लोंबत होते.

रिबेरांचे निळसर ओठ आता पूर्ण पांढरे झाले.

"खिंड चढताना पिशवी फुगली, ठोकळे ढकलून दिले आणि फाटली," एल्विराबाई म्हणाल्या. "पुढचा सगळा रस्ता कपाट आत मोकळं डुलत आलं. उस्तादने वळणं विसावर घेतली म्हणून उभं तरी आहे. तुम्ही त्याला चाळिसाने आणायला लावलं असतंत तर आज फावड्याने काढावं लागलं असतं."

"आणि बाकीची पाच?" आर्दुसबाईंनी विचारलं.

"त्यांचे ठोकळे मी सकाळीच पाहिले. सगळे जागच्या जागी. इंजिनियरसाहेब, तुम्हीच उघडा आणि एकेक तपासा. काही काढलेलं नाही, काही घातलेलं नाही. फक्त हवेला रस्ता दिलाय."

रिबेरा पहिल्या पेटीकडे गेले, दुसरीकडे गेले. हातातल्या बॅटरीने आत पाहत पाचवीपर्यंत पोचायला त्यांना दहा मिनिटं लागली. परत आले ते सरळ हुस्तापुढे उभे राहिले.

"ताई, हे तुम्ही कधी शिकलात?"

"शिकायचं काय त्यात? दूध सांडलं की कळतं."

"आमच्याकडे या कामाला चौदा इंजिनियर आहेत," रिबेरा म्हणाले. "त्यातल्या एकाच्याही घरी दूध सांडलेलं दिसत नाही."

पोमा मात्र बायकोकडे वेगळ्याच नजरेने पाहत होता. "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर सकाळी बाईंनी विचारल्यावर तुम्ही खोटं बोलला असता."

"मग?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात."

त्याचे कान त्याच क्षणी लाल झाले.

"पण नियम आहे," आर्दुसबाई म्हणाल्या. माणूस हरल्यावर नियमाला टेकतो, त्यात त्यांचा दोष नाही. "बंद पिशवी कापली की विमा रद्द. एल्विराबाई, तुम्हीच सांगा."

"रद्दच होतो," एल्विराबाई म्हणाल्या. "नुकसान झालं असेल तर. नुकसान न कापलेल्या पिशवीत झालंय. पान बत्तीसप्रमाणे बंद केलेल्या. त्याची भरपाई मिळेल, पाठवणाऱ्या कंपनीकडून. कापलेल्या पाचांत नुकसानच नाही, तर मी रद्द काय करू?"

मग मला आर्दुसबाईंचं मनापासून नवल वाटलं. त्यांनी फोन काढला, पोलिसांना येऊ नका म्हणाल्या, परवान्याच्या कचेरीला आपली तक्रार मागे घेते म्हणाल्या, दोन्ही ठिकाणी चूक माझी होती असं स्पष्ट म्हणाल्या. मग पोमाच्या हातात किल्ल्या दिल्या.

"पुढच्या महिन्यात आणखी बारा पेट्या आहेत, उस्ताद."

"हिला विचारा," पोमा म्हणाला. "मी नुसता चालवतो."

ती दोघं बाहेर गेली. एल्विराबाई माझ्या शेजारी टेबलाशी बसल्या आणि त्यांनी आपला फॉर्म काढला. फॉर्मवर फुटलेल्या मालाला रकाना होता, भिजलेल्याला होता, जळालेल्या आणि चोरीला गेलेल्याला होता. वाचलेल्या मालाला नव्हता. त्यांनी दोन्ही पानं शोधली. मग फॉर्म पालथा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली.

अर्ध्या ओळीवर थांबल्या. "काका, तिचं पूर्ण नाव विचारून या. नीट लिहायचंय."

ट्रक सुरू झाला होता. या उंचीवर, या वयात मी धावलो, ही गोष्ट माझ्या डॉक्टरला कळवू नये. फाटकात मी पायरीला धरून उभा राहिलो आणि श्वास येईपर्यंत नुसताच बोटांनी लिहिल्याची खूण केली. हुस्ताने काच खाली केली.

"पूर्ण नाव," मी म्हटलं. "अहवालात हवंय. हुस्ता पोमा लिहू?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर रस्त्याकडे पाहत होता, दोन्ही हात चाकावर.

"हुस्ता तार्की लिहा," ती म्हणाली. "माहेरचं. पोमा जोडू नका. यांनी काही केलेलं नाही."